हौदाच्या तोंडावर बसलेली बाई

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या त्या वेफर्सच्या कारखान्यात चारुलता पळशीकरला पाठीमागे सगळे ‘भोंगा’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. तिचे वडील कापड गिरणीत टाइमकीपर होते. परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या घरात घड्याळापेक्षा गिरणीच्या भोंग्यावर जास्त विश्वास होता. त्यामुळे हे नाव तिला लागत नाही. तिला लागतं ते वेगळंच. गिरणीचा भोंगा वाजला की माणसं हलायची. ती एवढी ओरडते, आणि माणसं हसतात.

ती पॅकिंगच्या टेबलावर लागली तेव्हा लग्न व्हायचं होतं. आज पन्नाशीला टेकताना दिवसपाळीची सगळी लाइन तिच्या हाताखाली आहे. ट्रकमधून बटाटे उतरतात तिथपासून पाकिटं खोक्यात बसतात तिथपर्यंत. या वाटेवर माणसाला इजा व्हायच्या जेवढ्या जागा आहेत तेवढ्या तिला पाठ आहेत. पण त्या बाकीच्यांनाही पाठ आहेत, आणि तिच्या रागाचं मूळ हेच. कोणाला कळत नाही असं नाही. कळून करतात.

एकदा कढईशी काम करणाऱ्या एका पोरीच्या मनगटावर उकळतं तेल उडालं. चारुलता पोहोचेपर्यंत दोघीतिघींनी मिळून हाताला टूथपेस्ट फासली होती आणि आणखी एक हळद आणायला पळाली होती. चारुलताने पोरीला ओढत नळाशी नेलं, पेस्ट धुऊन काढली आणि हात गार पाण्याच्या धारेखाली धरून ठेवला. पोर किंचाळत होती.

‘‘दीदी को दया नहीं आती,’’ मागून कोणीतरी म्हणालं.

‘‘दया घरी फासा,’’ चारुलता मान न वळवता म्हणाली. ‘‘इथे पाणी लागतं.’’

मागच्या वर्षी बाहेरून एक प्रशिक्षक आले होते. कँटीनच्या भिंतीवर चित्रं दाखवून त्यांनी साध्या हिंदीत सांगितलं की बंद टाकी, विहीर, हौद यांत माणूस पडला तर त्याच्यामागे उतरायचं नाही. आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. पहिला पडतो तो चुकीने, दुसरा पडतो तो पहिल्याला काढायला गेला म्हणून. मॅनेजर सुजय आपटीकर पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होता. सांगलीकडचा इंजिनियर, इंदूरला येऊन फार दिवस झाले नव्हते. त्याच्यामागे फिटर नंदू शिंत्रे होता. शेवटी काही प्रश्न आहेत का, असं प्रशिक्षकांनी विचारलं, तेव्हा पोह्यांच्या प्लेटा फिरायला लागल्या होत्या. नंदूने हात वर केला. ‘‘सर, शेव थोडी और मिलेगी क्या?’’ सगळे हसले. प्रशिक्षकही हसले. चारुलता हसली नाही.

‘‘ताई, तू तर अशी बसली होतीस जशी तेराव्याला आलीयेस,’’ नंदू नंतर म्हणाला.

त्याला हे असं बोलायची मुभा होती. नंदू तिच्याच गल्लीतला. तिला सख्खा भाऊ नाही. भाऊबीजेला ती नंदूला ओवाळायची, आणि तो दरवर्षी तिला एकच साडी दोनदा दाखवून ‘‘यातली कोणती?’’ असं विचारायचा. कारखान्यातलं कोणतंही यंत्र तो कान लावून दुरुस्त करायचा आणि कोणताही नियम कान बंद ठेवून ऐकायचा.

मागच्या अंगणात जमिनीखाली हौद आहे. बटाटे धुतले, सोलले, चिरले की जे पांढरट, पिठूळ पाणी निघतं ते त्यात साचतं आणि तळाशी बसवलेला पंप ते बाहेर ढकलतो. हौदाचं तोंड जेमतेम एक माणूस शिरेल एवढं. त्यावर लोखंडी झाकण. गटार साफ करायला उतरून माणसं मेल्याच्या बातम्या कारखान्यात सगळ्यांनी वाचल्या होत्या. पण तो गटार. हे तर आलूचं पाणी, खाण्याचा माल. तळाशी बसलेला पांढराशुभ्र साका बायका पूर्वी पापडांसाठी घरी न्यायच्या. पापड खाऊन कोण मेलं? या हिशेबाने हौद निर्धोक ठरला होता. पंपात सालं अडकली की नंदू शिडी लावून उतरायचा, शिट्टी वाजवत काम करायचा आणि गुडघ्यापर्यंत पांढरा होऊन वर यायचा. रोज लाइन चालू असायची, रोज ताजं पाणी यायचं, म्हणून काही झालं नव्हतं. काही होत नाही म्हणून काही होणार नाही, एवढंच त्यातून सगळे शिकले होते.

चारुलताने सुजयच्या मागे भुणभुण लावली होती की पंपाला साखळी आणि वर कप्पी बसवा, म्हणजे पंप वरूनच ओढून काढता येईल आणि कोणी उतरायचा प्रश्नच उरणार नाही. ‘‘दिवाळीनंतर बघू मॅडम,’’ तो म्हणाला. तोपर्यंत तिने झाकणाला कुलूप घालायला लावलं आणि किल्ली स्वतःच्या टेबलात ठेवली. कोयंडा नंदूनेच बसवला होता. तो कुलूप न उघडता कसा काढायचा हेही मग त्यालाच माहीत होतं.

दिवाळीत कारखाना आठवडाभर बंद राहिला. हौद अर्धा भरलेला आणि झाकण लावलेलं. आतलं पिठूळ पाणी आंबत राहिलं, सडत राहिलं.

सुट्टी संपून लाइन सुरू करायच्या सकाळी पंप घरघरला आणि अडकला. चारुलता फाटकाशी ट्रक उतरवून घेत होती. सुजय नंदूला म्हणाला, ‘‘नंदूभाऊ, जरा पटकन बघून घ्या ना. लाइन खोळंबलीय.’’ ‘उतरा’ असं तो म्हणाला नव्हता. हे त्याने पुढे पोलिसांना, मालकांना आणि ज्याने विचारलं नाही त्यालाही सांगितलं. खरंच आहे. त्याच्या वाक्यात उतरा नव्हतं. फक्त पटकन होतं.

नंदूने पान्याने कोयंडा खोलला, शिडी सोडली, ‘‘हो गया समझो’’ म्हणाला आणि उतरला. मधल्या पायरीवर त्याचे हात सुटले. ओरडला नाही, काही नाही. शिडीवरून पिशवी घसरावी तसा खाली गेला.

हे पाहिलं विक्रांतने. विक्रांत गौतमपुऱ्याचा, तिशीतला, नंदूचा हेल्पर. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावात हिंगोटचा खेळ होतो. बंदुकीची दारू भरलेली पेटती फळं दोन बाजूंचे लोक एकमेकांवर फेकतात. विक्रांत दरवर्षी मैदानात असतो. यंदाही खांद्यावर भाजून आला होता आणि सदऱ्याचं बटण सोडून ते सकाळपासून सगळ्यांना दाखवत होता. असा माणूस नंदू पडल्यावर काय करणार? त्याने बूट काढले, गमछा बादलीत बुडवून तोंडाला बांधला आणि शिडी धरली.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून चारुलता धावत आली. तिने आधी हौद पाहिला, मग गमछा, आणि काय झालंय ते तिला सांगावं लागलं नाही. तिने विक्रांतला पट्ट्याला धरून मागे खेचलं.

‘‘छोड़ो मैडम! नंदूभिया नीचे हैं!’’

‘‘माहितीये कोण खाली आहे ते! हा गमछा कशाला? धूर आहे का हा? खाली हवाच नाहीये, गमछ्यातून काय ओढशील, डोंबल?’’

‘‘हम आग में खड़े रहते हैं, आप आलू के पानी से डरा रही हो?’’

त्याने तिला ढकललं. तिने त्याच्या कानशिलात लगावली. एवढी जोरात की तो क्षणभर नुसता बघत राहिला, आणि त्या क्षणात तिने बटाट्याचा एक प्लॅस्टिकचा क्रेट ओढला, हौदाच्या तोंडावर आडवा टाकला आणि त्यावर बसली. तिच्याखाली क्रेटच्या जाळीतून अंधार दिसत होता. अंधारात नंदूचा निळा सदरा, अर्धा पाण्यात. आंबलेल्या पिठासारखा, अंड्यासारखा वास वर येत होता आणि तिचं डोकं गरगरायला लागलं होतं. तिने तोंड बाजूला केलं, पण जागा सोडली नाही.

‘‘नंदू!’’ ती ओरडली. ‘‘नंद्या, ओ दे!’’

खालून काही आलं नाही.

मग तिने हुकूम सोडायला सुरुवात केली. पॅकिंगच्या उर्वीला सांगितलं की वेफर्स गार करायचा ब्लोअर इकडे आण, पाकिटांच्या प्लॅस्टिकची नळी त्याच्या तोंडाला चिकटपट्टीने बांध आणि दुसरं टोक हौदात सोड. पोरींनी ते झपाट्याने केलं. नळी फुगली आणि वारा आत जायला लागला. कोणीतरी पोती ओढायचा आकडा बांबूला बांधून आणला. चारुलता क्रेटवर पालथी पडली, क्रेटच्या कडेने आकडा खाली सोडून नंदूच्या सदऱ्यात अडकवला आणि दोघांनी वरून ओढलं. नंदूचं डोकं पाण्यावर आलं. मग सदरा टरकला. आकड्याला निळा तुकडा लागून वर आला.

‘‘देखा?’’ विक्रांत रडत होता. ‘‘देखा? मैं होता तो पकड़ के लाता!’’

‘‘त्याला धरा!’’ ती बाकीच्यांवर ओरडली. चौघांनी विक्रांतला धरलं. त्यांनाही उतरायचं होतं, हे तिला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. प्रत्येकाला नंदूला काढायचं होतं आणि वाटेत फक्त ती होती.

सुजय भिंतीशी फोनवर होता.

‘‘फायर ब्रिगेडला लागला का फोन?’’

त्याने हाताने थांबा अशी खूण केली. ‘‘हो सर,’’ तो फोनमध्ये म्हणत होता. ‘‘नाही सर. हो सर. अजून कोणाला नाही सर.’’

फायर ब्रिगेडला एवढ्यांदा सर म्हणत नाहीत. चारुलताच्या अंगात जे उसळलं त्याला राग म्हणणं कमी पडेल. ‘‘उर्वी! फोन लाव! फायर ब्रिगेड आणि ॲम्ब्युलन्स! हौदात माणूस आहे, हवा नाही, हवेचे मास्क घेऊन या म्हणावं!’’

गाडी आली. पाठीला हवेच्या टाक्या बांधलेले दोन जवान पुढे आले. एकाने हातातलं हवा तपासायचं छोटं यंत्र हौदाच्या तोंडाशी नेलं, तर ते तिथेच केकाटायला लागलं. एवढा वेळ ब्लोअर चालू असूनही. ‘‘और कोई तो नहीं उतरा?’’ त्याने विचारलं. चारुलताने नकारार्थी मान हलवली. ‘‘कमाल है,’’ तो म्हणाला आणि खाली गेला. कमाल कशाची, ते तिथे कोणालाच कळलं नाही.

नंदूला वर काढलं, छाती दाबत दाबत ॲम्ब्युलन्समध्ये नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही.

घरी तिचा नवरा अरविंद म्हणाला, ‘‘चारू, तू बरोबर केलंस.’’ रात्री जेवताना पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तिने ताट सरकवलं. ‘‘बरोबर असून काय करू? त्याला जाऊन सांगू?’’

कारखान्यात शोकसभा झाली. त्याच कँटीनमध्ये. सुजयने मालकांचा संदेश वाचला: ‘‘नंदूजींनी कर्तव्य बजावताना प्राणांची आहुती दिली.’’ फाटकाशी नंदूच्या नावाची पाटी लावणार, असंही वाचलं.

चारुलता उठली. ‘‘आहुती माणूस आपण होऊन देतो. त्याला पटकन पाठवलं होतं.’’

‘‘मॅडम, प्लीज. ही वेळ नाहीये.’’

‘‘वेळ त्या दिवशी होती. तेव्हा तुमचा पहिला फोन कोणाला गेला ते सांगा की इथे. साखळी दिवाळीनंतर लावणार होतात, झाली ना दिवाळी? पाटीवर लिहा तेही. ट्रेनिंगला पहिल्या रांगेत कोण बसलं होतं, तेही लिहा.’’

सुजयचा चेहरा पडला. पण त्याला काही बोलावं लागलं नाही, कारण मागून विक्रांत उठला होता.

‘‘और आपने क्या किया मैडम, वो भी लिखवाओ. भाई बोलती थीं ना उनको? राखी, दूज, सब करती थीं. और ऊपर ढक्कन बनके बैठ गईं!’’

कोणी त्याला गप्प केलं नाही. तिने ज्यांना ज्यांना हौदापासून लांब ठेवलं होतं ते सगळे समोर बसले होते. धडधाकट, चहाचे कप हातात घेतलेले, आणि एकजात तिच्याकडे तशाच नजरेने बघत होते. मॅनेजर आणि कामगार यांचं त्या कारखान्यात कधी नव्हे ते एकमत झालं होतं. मेला तो हुतात्मा, उतरणार होता तो वीर, आणि जिने अडवलं ती बाई दगडाच्या काळजाची. पटकन म्हणणारा त्यातून अलगद सुटला होता. चारुलताला ओरडायचं होतं की अरे गाढवांनो, तुम्ही बसला आहात इथे, हे बसणं कुठून आलं? पण मेलेली माणसं मोजता येतात. न मेलेल्यांना आपण मेलो नाही हे दिसत नाही. ती खाली बसली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच कारखान्यात कोणावर ओरडली नाही.

तेरावं झाल्यावर ती नंदूच्या घरी गेली. नंदूची बायको लीला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बस म्हणाली नाही.

‘‘ताई, विक्रांत येऊन गेला. तो उतरत होता म्हणे.’’

‘‘हो.’’

‘‘तुम्ही अडवलंत.’’

‘‘अडवलं. मारलंही त्याला.’’

‘‘तो उतरला असता तर हे वाचले असते?’’

चारुलताने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर ते सोपं होतं. ‘‘नाही, लीला. तोही तिथेच पडला असता. मग त्याला काढायला तिसरा. फायरवाल्यांचं यंत्र झाकणाशीच ओरडत होतं.’’

‘‘यंत्र नंतर आलं. तेव्हा तुम्हाला कुठे माहीत होतं?’’

‘‘यंत्र नव्हतं. पण माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. नंदूलाही सांगितलं होतं गं, तोंड दुखेपर्यंत.’’ आवाज चढला, तो तिला आवरता आला नाही. ‘‘त्याला पन्नासदा सांगितलं की किल्ली माझ्याकडे आहे, मला विचारल्याशिवाय झाकण उघडू नकोस. का नाही ऐकलं त्याने?’’

मेलेल्या माणसावर कोणी त्याच्याच घरात येऊन रागावतं का?

‘‘मला समजतं ताई,’’ लीला म्हणाली. ‘‘तुमचं बरोबर आहे. समजतं मला सगळं. पण आता इथे येत जाऊ नका. तुम्हाला बघितलं की एकच दिसतं. एक माणूस उतरत होता.’’

चारुलता जिना उतरली. तिला लीलाचा राग आला नाही. मग सगळा राग उरला तो एकाच ठिकाणी जायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्यात शिरली तर मागच्या अंगणात झाकण उघडं होतं. ठेकेदाराची दोन बाहेरची माणसं हौदाशी उभी होती. बांबूची शिडी, बादली, दोर. दोघांनी तोंडाला रुमाल बांधलेले. धुलाईची लाइन चालू होती आणि हौदातलं पाणी काठाकडे चढत होतं. थोड्या अंतरावर विक्रांत हाताची घडी घालून उभा होता.

‘‘कोणी बोलावलं यांना?’’

‘‘बाहेरची एजन्सी आहे मॅडम,’’ सुजय म्हणाला. ‘‘त्यांचं रोजचं काम आहे हे. आपली जबाबदारी येत नाही.’’

‘‘साखळी?’’

‘‘ऑर्डर जाईल. पण फायरवाल्यांनी मोकळा करून दिलेला पंप आज पुन्हा अडकलाय, माल आज जायचाय. करायचं काय मी?’’

चारुलता आत गेली आणि धुलाईच्या लाइनचं लाल बटण तळहाताने दाबलं. पट्टा थांबला. बटाटे जिथल्या तिथे राहिले. पाण्याची धार बारीक झाली आणि तुटली. सोलणारी, चिरणारी, तळणारी माणसं एकेक करत बाहेर आली.

‘‘मॅडम, हे तुम्ही नाही ठरवू शकत,’’ सुजय म्हणाला.

‘‘पाणी येणार नाही तर कोणाला उतरावं लागणार नाही. साखळी लागेल तेव्हा लाइन चालेल. मला काढून टाकायचंय तर टाका, पण हे बटण दाबायला माझ्यासमोर या.’’

तो आला नाही. ती हौदाशी परत आली. दोघांपैकी वयाने मोठा होता त्याने तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

‘‘मैडम, आलू का ही पानी है ना? साहब तो यही बोले.’’

‘‘आलू का ही है,’’ चारुलता म्हणाली. ‘‘इसी में हमारा आदमी मरा. अभी, दिवाली के बाद. बताया नहीं किसी ने?’’

त्या माणसाने सुजयकडे पाहिलं, मग हौदाकडे, मग जोडीदाराकडे. वाकून त्याने दोर गुंडाळायला घेतला. जोडीदाराने शिडी ओढायला सुरुवात केली; ती लांब होती, एकट्याला जमेना. चारुलताने विक्रांतकडे पाहिलं. तो हलला नाही. मग तिनेच शिडीचं दुसरं टोक धरलं, दोघांनी मिळून ती वर काढली आणि भिंतीला लावली. झाकण टाकून ती हौदाशेजारी उभी राहिली. आत सुजय फोन लावत होता, आणि लाइन बंद होती.